शिवनेरीची तारीख आणि जुन्नरचे बाकीचे दिवस

जुन्नरला शिवजयंती वर्षातून दोनदा होते. १९ फेब्रुवारीला सरकारी जयंती. मुख्यमंत्री गडावर येतात, शिवाई देवीची पूजा होते, जन्मस्थानाच्या इमारतीत पाळणा हलतो, पोलिसांची मानवंदना होते. मग फाल्गुन वद्य तृतीयेला तिथीची जयंती. ती कधी मार्चच्या सुरुवातीला येते, कधी अखेरीला : २०२३ साली १० मार्च, २०२४ साली २८ मार्च, २०२५ साली १७ मार्च. तुकाराम बीज आदल्या दिवशीची, म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीयेची. देहूचा सोहळा आटोपला की दुसऱ्या दिवशी शिवनेरी. आणि ज्यांनी साठीच्या दशकात शाळेची पायरी चढली त्यांना तिसरी जयंतीही आठवते, अक्षय्य तृतीयेच्या आदल्या दिवशीची, वैशाख शुद्ध द्वितीयेची.

एका माणसाच्या एका जन्माचे हे तीन दिवस. वर्तमानपत्रांतल्या आणि शाळेच्या फळ्यावरच्या दिनविशेषात मात्र यातला एकच छापला जातो. तो कसा ठरला, कोणत्या कागदावरून, याबद्दल एक अक्षर नसते. जुन्नर आणि आंबेगाव या दोन तालुक्यांच्या इतिहासातले महत्त्वाचे दिवस एकत्र मांडायला बसलो की हा प्रश्न पावलोपावली आडवा येतो. दोन हजार वर्षांपूर्वीचा शिलालेख, बखर, शकावली, अभंग, पोलिसांची नोंद, शाळेचा दाखला : दर काळाने दिवस वेगळ्या रीतीने लिहून ठेवला आहे. म्हणून या भागाचा दिनविशेष लिहायचा तर प्रत्येक तारखेशेजारी तिचा आधार लिहिला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

सुरुवात शिवनेरीपासूनच करावी लागते, कारण महाराष्ट्रात कोणत्याही एका तारखेवर इतकी मेहनत झालेली नाही.

सभासदाने आपली बखर शिवाजी महाराजांनंतर वीस वर्षांच्या आत लिहिली, पण त्याने जन्मतिथी दिलेली नाही. पुढच्या बखरींनी दिली. मल्हार रामराव चिटणीसाच्या बखरीतली शके १५४९, वैशाख शुद्ध द्वितीया ही तिथी सर्वांत जास्त रुळली; इंग्रजी तारखेत ती ६ एप्रिल १६२७ अशी छापली जाई. पण वेगवेगळ्या बखरींत शक, तिथी आणि वार यांचा मेळ एकसारखा बसत नाही, आणि त्या सगळ्या घटनेनंतर बऱ्याच काळाने लिहिलेल्या. टिळकांनी शिवजयंतीचा सार्वजनिक उत्सव सुरू केला तेव्हा हीच तिथी हाताशी होती. ती पक्की नाही हे त्यांना ठाऊक होते. १९०० साली त्यांनी ‘केसरी’त या प्रश्नावर लिहिले.

उत्तर आले भोरजवळच्या कारी गावाहून. तिथल्या जेधे देशमुखांच्या घरी एक शकावली होती : शके १५४० ते १६१९ या काळातल्या घटनांची वर्षवार नोंद. जेधे हे शहाजीराजांच्या आणि शिवाजीराजांच्या बरोबरीने वावरलेले घराणे. कान्होजी जेधे त्यातलेच. दयाजीराव सर्जेराव ऊर्फ दाजीसाहेब जेधे यांनी ती शकावली टिळकांकडे दिली आणि टिळकांनी ती १९१६ साली भारत इतिहास संशोधक मंडळामार्फत प्रसिद्ध केली. तिच्यातली जन्माची नोंद अशी की वाचणारा थबकतो. शके १५५१, शुक्ल संवत्सर, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवार, हस्त नक्षत्र, वर घटी आणि पळे, आणि ठिकाण शिवनेरी. एवढ्या बारकाव्यांची नोंद पंचांग समोर ठेवून तपासता येते. संवत्सर चुकले तर कळते, वार चुकला तर कळते, नक्षत्र चुकले तर कळते.

पुढे दोन आधार निघाले, तेही महाराष्ट्राबाहेर. कवींद्र परमानंद हा महाराजांच्याच काळातला कवी. त्याच्या ‘शिवभारत’ या संस्कृत काव्याची प्रत तंजावरला मिळाली आणि सदाशिव महादेव दिवेकरांनी ते १९२७ साली छापले. त्यातही शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया. आणि राजस्थानात, जोधपूरच्या ज्योतिषी घराण्याच्या जुन्या कुंडल्यांच्या संग्रहात शिवाजी महाराजांची कुंडली सापडली. तीही याच दिवसाशी जुळणारी. कारीचे देशमुख, तंजावरची पोथी आणि जोधपूरचा ज्योतिषी यांनी एकमेकांचे पाहून लिहिले असण्याची शक्यता नाही. मला यातली हीच गोष्ट सर्वांत पटणारी वाटते. एक अस्सल कागद चुकू शकतो. तीन दिशांनी आलेले तीन कागद एकाच शुक्रवारी चुकत नाहीत.

तरी निर्णय लगेच झाला नाही. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले, पण त्या सोहळ्याची सुरुवात यशवंतराव चव्हाणांनी २७ एप्रिलला शिवनेरीवर केली. त्या दिवशी शिवजयंती होती, वैशाख शुद्ध द्वितीयेची. म्हणजे हे राज्य सुरू झाले तेव्हाही जुनीच तिथी चालू होती. १९६६ साली सरकारने इतिहासकारांची समिती नेमली. दत्तो वामन पोतदार, न. र. फाटक, ग. ह. खरे, वा. सी. बेंद्रे, ब. मो. पुरंदरे अशी मोठी माणसे तिच्यात होती. फाटक १६२७ च्या बाजूने ठाम राहिले, एकमत झाले नाही, आणि व्यवहारात बदल झाला नाही. १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख सरकारने अधिकृत केली ती २००१ साली. शकावली छापल्यापासून पंच्याऐंशी वर्षांनी.

तीन वर्षांच्या फरकाने काय बिघडते, असे अनेकजण विचारतात. बिघडते, कारण तारखेबरोबर गोष्ट बदलते. १६२९ साली देवगिरीवर निजामशाही दरबारात जिजाबाईंचे वडील लखुजी जाधवराव मुलांसह मारले गेले. शहाजीराजे त्या काळात निजामशाही सोडून मोगलांकडे जाण्याच्या वळणावर होते. पाठोपाठ दख्खनचा तो भयंकर दुष्काळ आला, १६३० ते १६३२ चा. १६२७ ची तिथी धरली तर हे सगळे घडण्याआधी मूल जन्मलेले आणि दोन वर्षांचे झालेले. १६३० धरली तर पोटात मूल असताना जिजाबाईंनी माहेरची माणसे गमावली, नवरा फौजेत, आणि विश्वासरावांच्या ताब्यातला शिवनेरी हा आसरा. शिवनेरीच का, या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्या तारखेतच नीट बसते. शहाजीराजांच्या थोरल्या मुलाची, संभाजीराजांची, सोयरीक विश्वासरावांच्या घरी झाली होती. म्हणून गडावर भरवशाची माणसे होती.

आता १९ फेब्रुवारीबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण दिनविशेष छापणारे ती सहसा सांगत नाहीत. ही तारीख आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियन कॅलेंडरातली नाही. ती जुन्या जुलियन कॅलेंडरातली आहे. पोपने १५८२ साली कॅलेंडर सुधारले. पोर्तुगीजांनी ते लगेच घेतले, इंग्रजांनी १७५२ पर्यंत घेतले नाही. त्या वर्षी इंग्लंडात बुधवार २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी गुरुवार १४ सप्टेंबर आला. आपल्या इतिहासकारांनी इंग्रजी साधने वापरली आणि १७५२ पूर्वीच्या तारखा जुन्याच पद्धतीने देण्याचा रिवाज पडला. आजच्या कॅलेंडराने महाराजांचा जन्म १ मार्च १६३० चा. राज्याभिषेक ६ जूनचा नव्हे, १६ जून १६७४ चा. आणि महाराजांचे निधन ३ एप्रिल १६८० चे, ते १३ एप्रिलचे. वार मात्र दोन्हींत एकच. १९ फेब्रुवारीही शुक्रवार, १ मार्चही शुक्रवार. सुधारणेत तारखा उड्या मारून गेल्या, वारांची साखळी तुटली नाही. म्हणूनच जुन्या नोंदीत वार लिहिलेला असला की अभ्यासकाला हायसे वाटते. आणखी एक बारकावा : तेव्हा इंग्रजांचे नवे वर्ष २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे सुरतेच्या वखारीतल्या इंग्रज कारकुनाच्या लेखी तो फेब्रुवारी १६२९ सालचाच होता. म्हणून इंग्रजी पुस्तकांत अशा तारखा १६२९/३० अशा जोडसालाने दिसतात.

याच गुंत्याचे दुसरे उदाहरण ओझरच्या देवळावर आहे. चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यावर विघ्नहराच्या शिखराला सोन्याचा मुलामा दिला असे सांगितले जाते. भीमाशंकरलाही वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे. वसईच्या शरणागतीची तारीख काही पुस्तकांत ५ मे १७३९ तर काहींत १६ मे १७३९ दिसते. दोन्ही बरोबर आहेत. पहिली इंग्रजांच्या कॅलेंडराची, दुसरी पोर्तुगीजांच्या. मधले अकरा दिवस हा दोन कॅलेंडरांतला फरक.

आता शिलालेखांकडे वळू. जुन्नर शहराच्या दक्षिणेला मानमोडी डोंगर आहे. त्यातल्या भीमाशंकर गटाच्या लेण्यांत ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. वत्स गोत्राचा अयम नावाचा अमात्य, महाक्षत्रप नहपानाच्या पदरी, त्याने पाण्याचे टाके आणि मंडप दान दिल्याची नोंद. शेवटी आकडा : वर्ष ४६. बहुतेक अभ्यासक तो शकाचा आकडा मानतात, म्हणजे इसवी सन १२४. जुन्नरच्या मातीवर लिहिलेले हे सर्वांत जुने वर्ष. महिना नाही, तिथी नाही. पण एका अधिकाऱ्याला दान देताना वर्ष कोरून ठेवावेसे वाटले, ही साधी गोष्ट नव्हे. नाणेघाटातला नागनिकेचा लेख याहून जुना, आणि आकड्यांनी भरलेला : यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणे. मात्र वर्षाचा आकडा त्यात नाही. त्याचा काळ लिपीच्या वळणावरून ठरवला जातो, इसवी सनपूर्व पहिले शतक. म्हणून दिनविशेषात या दोन लेखांना जागाच मिळत नाही. मला हा अन्याय वाटतो. नेमकी तारीख नसली म्हणून घटना लहान होत नाही.

याच्या अगदी उलट प्रकार ओतूरचा. मांडवी नदीकाठी कपर्दिकेश्वराचे देऊळ आहे, श्रावणी सोमवारी कोरड्या तांदळांच्या पिंडींसाठी प्रसिद्ध. त्याच्याजवळ बाबाजी चैतन्यांची समाधी. तुकोबांनी आपल्याला स्वप्नात अनुग्रह देणाऱ्या गुरूचे नाव बाबाजी असे सांगितले आहे, आणि दिवसही सांगितला आहे : माघ शुद्ध दशमी, गुरुवार. वर्ष नाही. तिथी आहे, वार आहे, तर त्या काळातल्या कोणत्या वर्षी ही दशमी गुरुवारी आली हे जंत्रीत पाहता येते. अशी गाठ साधारण सहा-सात वर्षांत एकदा पडते, म्हणून तुकोबांच्या प्रौढ आयुष्यात मोजकीच वर्षे उरतात. त्यांतले कोणते, यावर अभ्यासकांचे वाद झाले. वारकऱ्यांना वर्षाची अडचण कधीच आली नाही. माघ शुद्ध दशमी दर वर्षी येते आणि अनुग्रहाचा दिवस म्हणून पाळली जाते. लेण्याद्रीची कथाही अशीच : पार्वतीने तिथे तप केले आणि भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गिरिजात्मज प्रकटला. वर्षात न मावणारे दिवस आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, आणि त्यांना वेगळ्या रकान्यात ठेवले तर कुणाचीच अडचण होत नाही.

मधला काळ झपाट्याने पाहू. मलिक अहमद हा बहमनींचा जुन्नरचा सुभेदार. तो स्वतंत्र झाला आणि निजामशाही उभी राहिली. अहमदनगर वसण्याआधी तिचे ठाणे जुन्नरच होते. नगरकर २८ मे १४९० हा दिवस स्थापनादिन म्हणून मोठ्या अगत्याने पाळतात. जुन्नरमध्ये त्याची आठवण कुणी काढताना दिसत नाही, आणि ती काढायला हवी. दुसरा दिवस ३० एप्रिल १६५७. त्या रात्री शिवाजीराजांच्या माणसांनी दोराच्या शिड्या लावून जुन्नरचा कोट चढला आणि मोगलांच्या या समृद्ध ठाण्यातून तीन लाख होन आणि दोनशे घोडे नेले. आपल्या जन्मगावी राजे आले ते असे. वर शिवनेरी मोगलांकडेच होता, आणि महाराजांच्या हयातीत तो स्वराज्यात आला नाही. १९ फेब्रुवारीच्या भाषणांत ही गोष्टही सांगितली गेली पाहिजे. गडावरच्या कोळी चौथऱ्याचीही. सतराव्या शतकाच्या मध्यात मोगलांविरुद्ध उठलेल्या कोळ्यांना तिथे मारले, अशी त्याची आठवण आहे. दिवस कुणी नोंदला नाही, कारण नोंद ठेवणारे मारणाऱ्यांच्या बाजूचे होते.

आता विसाव्या शतकाकडे. आंबेगाव तालुक्यातले महाळुंगे पडवळ. इथल्या बाबू गेनू सैद यांचा जन्म १९०८ चा. गरिबीमुळे मुंबईला गेले, गिरणीत काम केले, सत्याग्रहात उतरले. १२ डिसेंबर १९३०, शुक्रवार, काळबादेवी रस्त्यावर परदेशी कापड घेऊन निघालेल्या लॉरीपुढे ते आडवे झाले आणि लॉरी त्यांच्यावरून गेली. वय बावीस. त्यांच्या मृत्यूला तारीख आहे, वार आहे, रस्ता आहे. जन्माची मात्र गावपातळीवर फक्त आठवण राहिली. ब्रिटिश काळातल्या शेतकरी घरांत हेच होते. पुढच्या पिढ्यांतही मूल शाळेत घालायला आणले की मास्तर बापाला विचारत, बापाला तारीख सांगता येत नसे, मग शाळा सुरू होण्याच्या हिशेबाने १ जून टाकली जाई. या दोन तालुक्यांत ज्यांच्या दाखल्यावर १ जून आहे अशी माणसे हजारोंनी निघतील. आईला विचारले तर ती सांगे, पोळ्याच्या आदल्या दिवशी, किंवा भात लावणीत. ती नोंद दाखल्यापेक्षा खरी असते. वृद्ध माणसांचे जन्मदिवस लिहून घेणाऱ्याने आधी आईने काय सांगितले होते हे विचारावे.

१२ डिसेंबर हा शरद पवारांचा आणि गोपीनाथ मुंडे यांचाही जन्मदिवस. त्या दिवशी वर्तमानपत्रांची पाने भरलेली असतात. बाबू गेनूंना एक ठळक चौकट मिळालीच पाहिजे, निदान पुणे जिल्ह्याच्या आवृत्तीत.

लेखक-कलावंतांच्या तारखा पक्क्या आहेत, पण त्या त्यांच्या गावांशी जोडल्या जात नाहीत. अनिल अवचट ओतूरचे : जन्म २६ ऑगस्ट १९४४, निधन २७ जानेवारी २०२२. शांता शेळके यांचा जन्म १२ ऑक्टोबर १९२२ चा इंदापूरचा, पण लहानपण मंचरचे. त्यांचे निधन ६ जून २००२ ला झाले. विठाबाई नारायणगावकर १९३५ साली पंढरपूरला जन्मल्या आणि १५ जानेवारी २००२ ला गेल्या. नारायणगाव आजही तमाशाची पंढरी आहे. फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पुढारी जत्रांच्या सुपाऱ्या द्यायला येतात, ते गावच्या जत्रेची तिथी बघूनच. तमाशाचे सगळे अर्थकारण पंचांगावर चालते. आणि तिथून जवळच खोडद आणि आसपासच्या परिसरात जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला शाळकरी मुलांची रीघ लागते.

माळीणची तारीख आंबेगावात कुणाला विचारावी लागत नाही. ३० जुलै २०१४, बुधवार. श्रावण नुकताच लागला होता, नागपंचमी दोन दिवसांवर होती. पहाटेच्या पावसात डोंगराचा कडा घसरला आणि गाव गाडले गेले. नेहमीची एसटी घेऊन आलेल्या चालकाला गाव जागेवर दिसले नाही, आणि त्याच्यामुळे बाहेर बातमी गेली. १५१ माणसे गेली. पुनर्वसनाचे गाव आमडे इथे २०१७ साली उभे राहिले. ही तारीख सरकारी नोंदीत आहे, वर्तमानपत्रांत आहे, उपग्रहाच्या छायाचित्रांत आहे. पुढच्या अभ्यासकाला जंत्री उघडावी लागणार नाही. पण त्या सकाळी कोण कुठे होते, कुणाचे कोण पुण्या-मुंबईला कामाला गेल्यामुळे वाचले, हे घराघरातून लिहून घेतले तरच तो दिवस पुरा नोंदला जाईल.

आंबेगावचाच आणखी एक दिवस आहे, आणि तो कोणत्याही दिनविशेषात नाही. ज्या गावावरून तालुक्याचे नाव पडले ते आंबेगाव घोड नदीवरच्या डिंभे धरणात बुडाले. जलाशयाला हुतात्मा बाबू गेनू यांचे नाव दिले, तालुक्याचे ठिकाण घोडेगावला आहे, आणि मूळ गाव पाण्याखाली. पाणी एका दिवसात चढले नाही. आधी शेते गेली, मग वाटा, मग घरे, मग देवळे. तरी प्रत्येक घराने गाव सोडण्याचा एक दिवस होता. भूसंपादनाच्या निवाड्यांवर तारखा असतात, शाळेच्या हजेरीपटावर शेवटचे पान असते, ग्रामपंचायतीच्या दप्तरात अखेरच्या सभेची नोंद असते. ज्यांनी पाणी चढताना पाहिले ती माणसे आता उतारवयात आहेत आणि घोडेगाव-मंचरच्या पट्ट्यात भेटतात. कारीच्या जेध्यांनी घरी बसून घटना लिहून ठेवल्या, तसे हे काम या दोन तालुक्यांतल्या शाळांनी आणि महाविद्यालयांनी आत्ता हाती घ्यावे : घराचे नाव, गाव सोडल्याची तिथी, वार, आणि ते सांगणाऱ्याचे नाव.